माईक नको, उजेड हवा

पहाटे साडेपाच

मास्तरांचा मोबाईल उशीखाली थरथरतो आणि ते उठतात. पाच-दहा मिनिटांत मला व्हिडिओ येतो. पडवीतल्या बल्बखाली, हात नीट दिसतील असे ते उभे असतात: उठलो, चहा झाला, निघतो. आवाजात फक्त गोठ्यातली गाय.

मास्तर जन्मतः कर्णबधिर आहेत. त्यांच्या मित्रमंडळींत त्यांचं नाव म्हणजे डाव्या भुवईवरून ओढलेलं एक बोट, कारण लहानपणी बैलगाडीवरून पडल्याचा व्रण तिथे आहे. माझं नाव नाकावरून घसरलेला चष्मा. बँका, दवाखाने, कारखाने, बाजार समित्या अशा ठिकाणी जाऊन, कर्णबधिर ग्राहक, रुग्ण किंवा सहकारी समोर आला तर कसं वागायचं, याचा वर्ग ते घेतात. मी दुभाषी. बहीण कर्णबधिर असल्याने घरच्या खुणा लहानपणापासून येत होत्या. भारतीय सांकेतिक भाषा रीतसर शिकले ती पुढे पुण्यात.

त्यांची वस्ती मंचरपासून आत, उसात आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांचा जुन्नर वनविभाग बिबट्यांमुळे साऱ्या राज्याला ठाऊक झालेला. पहाटे-संध्याकाळी एकटं फिरू नका, बॅटरी ठेवा, मोठ्याने बोला, मोबाईलवर गाणी लावा, असं वनखातं सांगतं. मास्तर तंतोतंत पाळतात. खिशातला मोबाईल पूर्ण आवाजावर ठेवून डांबरीपर्यंत चालत येतात. गाणी पुतण्याने भरून दिलेली. कुठली, ते मास्तरांना ठाऊक नाही. “माझ्यासाठी थोडीच आहेत, बिबट्यासाठी आहेत,” असं ते खुणेने सांगतात आणि स्वतःच हसतात.

अलीकडे काही गावांत कॅमेरा आणि भोंगा बसवला आहे. बिबट्या टिपला की भोंगा वाजतो. चांगली सोय आहे. भोंग्याच्याच खांबावर एक उघडझाप करणारा दिवाही लावा, एवढंच मास्तरांचं म्हणणं. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडताना वाजणारा भोंगा, गावात फिरणारी रिक्षा, दवंडी यांनाही तेच लागू. इशारा द्यायच्या आपल्या सगळ्या रीती कानावरच बेतलेल्या आहेत.

सकाळी सात

मंचर एसटी स्टँड. मी गडद निळी, बिननक्षीची साडी नेसून आले आहे. हातांच्या मागे नक्षी असली की खुणा वाचणाऱ्याचे डोळे शिणतात. बांगड्या पर्समध्ये, नेलपेंट नाही, मंगळसूत्र पदराआड.

लाउडस्पीकरवरून कुठल्यातरी गाडीचा फलाट बदलल्याचं सांगतात. मलाही ते अर्धंच कळतं. मास्तरांचं लक्ष माणसांकडे. पिशव्या धरून बसलेला घोळका एकदम उठला की तेही उठतात, गाडीची पाटी वाचतात, मग चढतात.

दिव्यांगांना एसटीत ७५ टक्के सवलत आहे. कंडक्टर मास्तरांचं कार्ड बघतो आणि मला विचारतो, “कुठं जायचंय यांना?” मी खिडकीबाहेर बघते. हा माझा नियम आहे, आणि तो उद्धटपणा वाटला तर वाटू दे. दोन-चार सेकंद अवघडलेली जातात. मग कंडक्टर मास्तरांकडे वळतो, हनुवटीने “कुठं?” असं विचारतो. मास्तर मोबाईलवर आधीच लिहून ठेवलेलं “नारायणगाव” दाखवतात. तिकीट फाटतं. दिवसभर वर्गात जे शिकवायचं असतं त्याचा निम्मा भाग इथेच उरकलेला असतो.

सकाळी नऊ

नारायणगावची एक पतसंस्था. कामकाज सुरू व्हायच्या आधी दीड तास आम्हाला दिला आहे. सरस्वतीची तसबीर, हार, नारळ, टेबलावर माईक. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा कर्णबधिर सप्ताह म्हणून पाळतात. २३ सप्टेंबर हा संयुक्त राष्ट्रसंघाने ठरवलेला सांकेतिक भाषा दिन. त्यामुळे या दिवसांत आमची आठवण सगळ्यांना होते. बाकीचे अकरा महिने फोन फारसा वाजत नाही.

मास्तर आधी खोली लावतात. त्यांच्या पाठीमागची खिडकी बंद करायला सांगतात, कारण मागून उजेड आला की चेहरा काळा पडतो. रांगेतल्या खुर्च्या अर्धवर्तुळात आणतात. मग सुरू करतात, आणि पहिली पंधरा मिनिटं मी तोंड उघडत नाही. हे आमचं आधीच ठरलेलं असतं.

समोर एक माणूस हातवारे करतो आहे, काहीतरी विचारतो आहे, उत्तराची वाट बघतो आहे. कुणी हसतं. कुणी माझ्याकडे बघून “मॅडम, काय म्हणतायत?” असं विचारतं. मी गप्प. एकजण मोबाईल काढतो. कॅशियर बाई मात्र नेटाने बघत राहतात, आणि शेवटी अंदाजाने स्वतःच्या नावाचा बिल्ला दाखवतात. बरोबर. मास्तर नावच विचारत होते. आधी ‘तुमचं’, मग ‘नाव’, शेवटी ‘काय’. सांकेतिक भाषेत प्रश्नाची खूण शेवटी येते, मराठी माणसाला ती घडण परकी वाटू नये.

मग ओठवाचन. सगळ्यांचा समज असा, की कर्णबधिर माणूस ओठांवरून सगळं ओळखतो. मी शाखाधिकाऱ्यांना चिठ्ठीवरचे शब्द आवाज न काढता म्हणायला लावते. बाळ, माळ, पाळ. भाव, पाव. लोक एकमेकांच्या तोंडाकडे टक लावून बघतात आणि हरतात. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ सारखेच मिटतात. क, ख, ग तर घशातच होतात, बाहेर काही दिसत नाही. त्यात मिशी, गुटखा, मास्क, आणि बोलता बोलता संगणकाकडे वळलेलं तोंड. ओरडून बोललं की ओठ आणखी वेडेवाकडे होतात.

यानंतर कामाचं बोलणं. टोकन नंबर पुकारू नका, दाखवा. ‘बँकेतून कॉल येईल’ असं सांगू नका. कॉलऐवजी संदेश चालेल का, ते आधी बघून ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘भावाला पाठवा’ म्हणू नका. या एका मुद्द्यावर मास्तर आवाजी माणसासारखे तापतात. खातं त्याचं, सही त्याची, शिल्लक मात्र भावाला मोठ्याने वाचून दाखवायची, हा कुठला व्यवहार? एक तरुण क्लार्क म्हणतो, “पण लिहून दिलेलं त्यांना समजत नाही हो.” त्याचं खरं आहे. गावातल्या कितीतरी कर्णबधिर मुलांना शाळेत लिहायला शिकवलं, पण विचार करायला धड कुठलीच भाषा दिली नाही. त्यांच्यासमोर ‘सदर खातेदाराने उपरोक्त कागदपत्रे सादर करावीत’ ठेवून काय होणार? ‘आधार कार्ड आणा. फोटो दोन आणा. सोमवारी या.’ हे समजतं. ऐकणाऱ्या खातेदारांनाही तेच बरं पडेल, असं माझं मत.

निघताना टाळ्या. कर्णबधिरांच्या टाळ्या म्हणजे दोन्ही हात वर करून मनगटं हलवायची. सगळे उत्साहाने करतात आणि त्याचेच फोटो काढतात. माईक तसाच राहिला.

साडेअकरा

जुन्नर. दवाखान्यात मोठा वर्ग भरत नाही, बाह्यरुग्ण विभागाची गर्दी ओसरली की परिचारिका आणि आशाताई तुकड्या-तुकड्यांनी येतात. आमच्या दृष्टीने हे बरंच. मी एकटी असले की अर्ध्या तासानंतर हात आणि डोकं दोन्ही चुका करू लागतात. नियमाने दोन दुभाषी आलटून पालटून हवेत, पण तालुक्याच्या गावी दुसरा आणायचा कुठून?

इथे मास्तर भाषण करतच नाहीत. ते रुग्ण होतात. पोट धरून बाकावर बसतात आणि सिस्टरला सांगतात, मला तपासा. केसपेपरच्या खिडकीतून नाव पुकारलं, ते बसूनच. पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा शेजारचा हलवतो, तोवर नंबर गेलेला. आत डॉक्टर मास्क लावून प्रश्न विचारतात, आणि विचारतात ते सोबत आलेल्या माणसाला: “यांना काय होतंय?” सोबतचा पुतण्या सांगतो, “पोटात दुखतंय.” किती दिवस, कुठल्या बाजूला, लघवीला जळजळ होते का, हे पुतण्याला कसं माहीत असणार? आणि माहीत असावं तरी का? बाईमाणसाच्या तक्रारी दिरामार्फत सांगायच्या म्हटल्यावर त्या सांगितल्याच जात नाहीत.

उपाय साधे आहेत. शरीराचं चित्र भिंतीवर लावायचं, त्यावर बोट ठेवता येतं. दुखण्याचे पाच चेहरे कागदावर काढायचे. गोळ्यांसाठी सूर्य उगवताना, माथ्यावर आणि चांदणं. मास्क काढता येत नसेल तर लिहायचं. केसपेपरच्या कोपऱ्यात कानाची खूण करायची, म्हणजे पुढच्या खिडकीवर पुन्हा तेच व्हायला नको.

प्रसूतीचा विषय एका सिस्टरनेच काढला. कर्णबधिर बाईला कळ आल्यावर ‘जोर लाव’ आणि ‘आता थांब, श्वास घे’ कसं सांगायचं? बाई डोळे मिटून घेते, मग खूण तरी कशी दिसणार? मास्तर पुरुष, शिवाय अविवाहित. त्यांनी प्रामाणिकपणे हात वर केले. बाकीच्या परिचारिकांनी मिळून ठरवलं ते असं: कळा वाढायच्या आधीच हातात हात घेऊन दोन स्पर्श पक्के करायचे. पंजा घट्ट दाबला की जोर, पंजा उघडून तळव्यावर हात फिरवला की सैल. आणि शेवटपर्यंत हात धरणारी एकच बाई असेल, बदलायची नाही. आमच्या वर्गाच्या कागदांत हे नव्हतं. आता आहे.

आशाताईंशी बोलणं वेगळ्या विषयावर होतं. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आई-बापांच्या घरी जन्मतात, आणि घरात काय म्हणतात? ‘उशिरा बोलेल, याचा मामाही उशिरा बोलला होता.’ या मामाने किती मुलांची वर्षं खाल्ली असतील! बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून आहे. बेरा या श्रवणचाचणीसाठी पुण्याला पाठवता येतं. लवकर कळलं तर श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट किंवा सांकेतिक भाषा, जे घराला झेपेल ते वेळेत सुरू होतं. मास्तरांचा आग्रह एवढाच, की यंत्र मिळालं तरी खुणा बंद करू नका. यावर जाणकारांमध्ये वाद आहे. मी मास्तरांच्या बाजूची.

दुपारी दीड

मासवडी, रस्सा, बाजरीची भाकरी. खुणांनी बोलणाऱ्यांचं जेवण लांबतं, कारण हात एकतर भाकरीत नाहीतर बोलण्यात. शेजारच्या टेबलावरची पोरं टक लावून बघतात. मास्तर त्यांना ‘रस्सा तिखट आहे’ एवढं खुणेने सांगतात, पोरं हसतात, विषय संपतो.

अडीच

एक साखर कारखाना. गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होईल, सध्या देखभालीचे दिवस. यंत्रं उघडून ठेवलेली, गिरणीखान्यात शांतता, म्हणून कामगारांना सोडता येतं. कामगार अधिकारी स्वागत करतात आणि सांगतात, “तसा आमच्याकडे एकही कर्णबधिर कामगार नाही, पण माहिती असलेली बरी.”

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रत्येक आस्थापनेला समान संधीचं धोरण जाहीर करायला सांगितलं आहे, आणि वाजवी सोय नाकारणं हा भेदभावच मानला आहे. हे आम्ही सांगतो, ते लिहून घेतात. कायद्याचा भाग मी लवकर आटोपते; कलमं ऐकून कुणी कुणाशी बोलायला शिकल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

मास्तर फळ्यावर एक आकडा लिहितात: ९०. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. पाच डेसिबल वाढले की वेळ निम्मी: ९५ ला चार तास, १०० ला दोन. मग ते विचारतात, गाळपात गिरणीखान्यात दोन हातांवरच्या माणसाशी ओरडल्याशिवाय बोलता येतं का? सगळे नाही म्हणतात. टर्बाइनजवळ? मिलजवळ? नाहीच. किती वर्षं झाली तुम्हाला इथे?

मागे बसलेला एक मिस्त्री, निवृत्तीला टेकलेला, सुरुवातीपासून माझ्याकडे तोंड करून, मान जरा वाकडी धरून बसला आहे. शेजारच्याने काही विचारलं की हसून मान डोलवतो. मास्तरांनी ते कधीच हेरलेलं असतं. ते त्याला पुढे बोलवत नाहीत, नावही विचारत नाहीत. फक्त सगळ्यांना उद्देशून सांगतात: आवाजाने गेलेला कान आधी बारीक आवाज सोडतो. स, श, त, च. माणूस बोलतो आहे हे ऐकू येतं, काय बोलतो ते कळत नाही. बायकांचं आणि लहान मुलांचं बोलणं आधी सुटतं. नातवंडं पुटपुटतात असं वाटतं. टीव्ही मोठा होत जातो. घरचे म्हणतात, म्हाताऱ्याला हवं तेवढंच ऐकू येतं.

शेवटच्या वाक्याला मोठा हशा पिकतो. मिस्त्री जरा उशिराने हसतो, इतरांकडे बघून.

आवाजाने येणारा बहिरेपणा, कायद्याने कळवणं बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य आजारांत नोंदलेला आहे. तरी कानाची तपासणी करून घ्यायला कामगार बिचकतो. कान कमी निघाला तर जागा बदलतील, भत्ता जाईल, पोरं चिडवतील. म्हणजे या कारखान्यात कर्णबधिर कामगार आहेत, ते मान डोलवून दिवस काढतात. कायद्याच्या हिशेबाने दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा जास्त घट असली की माणूस कर्णबधिर. ६० ते ७० मध्ये असला की कमी ऐकू येणारा. त्याच्या अलीकडचा माणूस कुठल्याच यादीत नाही, पण पाळी बदलल्याचं त्यालाही धड ऐकू आलेलं नसतं.

उरलेला तास जागेवर. पाळीच्या भोंग्यासोबत दिवा. बैठकीत एका वेळी एकानेच बोलायचं आणि बोलण्याआधी हात वर करायचा. कुणाला मागून हाक मारायची तर खांद्याला हलकासा स्पर्श, किंवा फळीवर पाय आपटायचा, हादरा पोचतो. चालू यंत्राजवळ मात्र मागून स्पर्श करायचा नाही, दचकून हात आत जाईल, समोरून यायचं. हा शेवटचा मुद्दा एका फिटरने सांगितला, मास्तरांनी लगेच फळ्यावर घेतला.

निघताना मिस्त्री माझ्याजवळ येऊन हळूच विचारतो, “ते मशीन कितीला मिळतं?” मी मास्तरांकडे बोट दाखवते. तो बिचकतो, मग मास्तरांसमोर जाऊन स्वतःच्या कानाला हात लावतो. पुढचं बोलणं दोघांचं. मी जीपकडे जाते.

साडेपाच

परतीच्या वाटेवर नारायणगावचा टोमॅटो बाजार. क्रेटच्या भिंती, त्यांच्यामधून मागे येणारे टेम्पो, हमालांची पळापळ. २०२३ च्या जुलैत इथे वीस किलोच्या क्रेटने दोन हजारांचा आकडा ओलांडला, तेव्हा देशभरचे कॅमेरे आले होते. इथे वर्ग नाही. आधीच्या वर्गाचं काय झालं ते बघायला मास्तर येतात. एका आडत्याकडे कर्णबधिर हमाल आहे. गाडी मागे घेताना हॉर्न पुरे असं आधी समजत. आता त्याची आणि ड्रायव्हरची नजरानजर झाल्याशिवाय गाडी हलत नाही. आडत्या म्हणतो, “त्याच्यामुळं बाकीची पोरं पण वाचली.”

जुने व्यापारी या खुणांकडे नवल म्हणून बघत नाहीत. बेल्ह्याच्या बैलबाजारात उपरण्याखाली बोटं दाबून सौदे होत आले आहेत. बाजार समित्यांनी लिलाव उघड करायला लावले ते शेतकऱ्याच्या हिताचंच झालं. पण अख्खा व्यवहार हातांनी करता येतो, हे इथे कुणाला पटवावं लागत नाही. एक म्हातारा दलाल मास्तरांना शंभर, पाचशे, हजार बोटांनी करून दाखवतो. मास्तरांचे आकडे वेगळे. दोघं बराच वेळ हुज्जत घालतात.

साडेसात

मंचर. स्टँडवर चहा आणि हिशेब. आज मिळालेलं: दोन शाली, दोन श्रीफळं, एक गुलाबाचं रोप, तीन आभारपत्रं. शाली मास्तरांना. मानधनाची पाकिटं मात्र दोन्हीकडे माझ्या हातात दिली गेली. एका पाकिटावर माझं नाव आणि खाली ‘व सहकारी’. ज्याने वर्ग घेतला तो सहकारी, आणि जिने त्याचं बोलणं आवाजात सांगितलं ती मुख्य. दिवसभर टाळ्या हलवणाऱ्या हातांनीच ते लिहिलेलं. मी पाकिटं न फोडता मास्तरांपुढे सरकवते, ते माझा वाटा मोजून देतात. हेही आमचं ठरलेलं.

ते उद्याचं सांगतात. घोडेगाव, सरकारी कार्यालय, अकरा वाजता. सांकेतिक भाषेच्या राष्ट्रीय केंद्राच्या शब्दकोशातून काही शब्द काढून ठेवायचे आहेत. २०२१ मध्येच त्यात दहा हजार शब्द झाले होते, पण ‘सातबारा’ आम्हाला सापडलेला नाही. आमच्याकडे तो दाखवतात बोटांनी सात आणि बारा. उद्या तलाठ्यांना तेवढं आलं तरी पुष्कळ.

तुमच्या संस्थेत असा वर्ग ठेवायचा असेल तर सप्टेंबरची वाट बघू नका. पत्र शिकवणाऱ्या कर्णबधिर व्यक्तीच्या नावाने काढा आणि मानधन तिच्या हातात द्या. दुभाष्याचे पैसे वेगळे ठरवा, जमलं तर दोन दुभाषी बोलवा. खोलीत उजेड असू द्या. आणि वर्ग झाल्यावर टोकनची पाटी, भोंग्याचा दिवा, केसपेपरवरची खूण यांतलं निदान एक काम त्याच आठवड्यात करून टाका.